हजेरीबाहेरची अडतीस

बोरदरा, धर्मापुरीजवळ
८ डिसेंबर २०२४

चि. प्रणू,

आशीर्वाद पाकिटाच्या तोंडाशी ठेवलेत. आधी ते घे, मग पत्र वाच.

काल फोनवर तू बोललीस ते आजीनं अर्धंच ऐकलं. "पाडव्याला कावेरीला आणू," एवढं ऐकून ती देवापुढं हात जोडायला वळली. "पण गावातल्या किती मुलांना गोवराची लस झालीय ते आधी कळवा," हे फक्त माझ्या कानावर पडलं. म्हणून हे पत्र. माझ्यासाठी फोन मोठ्या आवाजात लावावा लागतो आणि तिचे कान अजून कुमारिकेचे आहेत.

डोळे मात्र नाहीत. तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. काचबिंदूनं डावा डोळा गेलाच. उजव्यानं तिला पुंगळीतून पाहावं तसं दिसतं, आणि ती पुंगळी बारीक होत चाललीय. बीडचे डॉक्टर म्हणाले, आहे ते जपा, गेलेलं परत येत नाही. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला पुण्याचा प्रवास झेपत नाही. मोबाईलवर कावेरी दाखवली तर म्हणते, "काहीतरी गोरं गोरं हलतंय." पणतीचा चेहरा नजर आहे तोवर पाहायचा, एवढंच तिचं मागणं.

पाडव्याला स्वामी येतील, कावेरीच्या गळ्यात इष्टलिंग बांधू, सारं गाव जेवेल. पण गावातल्या पोरांच्या सुईचा आणि आपल्या बाळाचा संबंध काय, हे मला नीट समजावून सांग. मी पस्तीस वर्षं पोरांना कविता शिकवल्या. गणिताच्या तासाला मी खिडकीबाहेरची बाभळ बघत असे.

तुझा अप्पा

*

पुणे
१७ डिसेंबर २०२४

प्रिय अप्पा,

तुमच्या आणि आजीच्या पायांशी इथूनच वाकते. कावेरी माझ्या मांडीवर असल्यामुळे तीही आपोआप वाकली.

आजीच्या डोळ्यांचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. आता गणित सांगते. तेच माझं काम आहे.

गोवराचा एक रोगी, आजूबाजूचे सगळे कोरे असतील, तर साधारण पंधरा जणांना आजार देतो. तो उठून गेल्यावरही दोन तास खोलीतल्या हवेत गोवर राहतो. आता त्या पंधरांपैकी चौदांना लस असेल, तर त्याला एकच गिऱ्हाईक मिळेल. म्हणजे एकाचा एक. आजार वाढणार नाही, पण थांबणारही नाही. पंधरात चौदांपेक्षा जास्त, शंभरात साधारण चौऱ्याण्णव मुलं पक्की झाली, की एका रोग्याला सरासरी एकही नवा माणूस मिळत नाही. मग आजार आपोआप विझतो. शिवाय दोन्ही डोस घेतलेल्या शंभरातही तिघांना लस लागू पडत नाही. तुमच्या वर्गात हजेरी लागली म्हणजे कविता समजली असं कुठं होतं? म्हणून शंभरात सत्त्याण्णवच्या आसपास मुलांना सुई झालेली हवी.

कावेरीला पहिला डोस नऊ महिन्यांनी मिळेल, म्हणजे दहा एप्रिलला. पाडवा तीस मार्चला. त्या दिवशी तिचं रक्षण तिचं अंग करणार नाही. ते तिच्याभोवती धावणारी, शेंबडी, तिचे गाल ओढणारी पोरं करणार. म्हणून विचारलं.

तुमची प्रणू

*

बोरदरा
५ जानेवारी २०२५

चि. प्रणू,

तुझं पत्र मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. गणित आलं तिथं "कुशल आहे, कुशल आहे" असं म्हणत पुढं गेलो.

पण मला समजलं बरं का! अगं, हे तर कवितेसारखं आहे. मी सकाळी नवी कविता शिकवली की संध्याकाळी ती पाणवठ्यावर, विटीदांडूच्या डावात, म्हशीच्या पाठीवर. एकाचं ऐकून दुसरा गुणगुणे. पण ज्याला आधीच पाठ आहे त्याच्या कानावर पडून ती वाढत नसे. गावाला पाठ झाली की महिन्याभरात तिचं गुणगुणणं बंद. हुरूप येऊन चार ओळी रचल्यात. चुका काढ:

एकाने जर गाठले पंधरा,
चौदा असती जर तयार,
उरला जो तो एकच बिचारा,
रोगाचे मग बंदच दार!

आता मोजणी. गुरुवारी शाळेत गेलो. दहा वर्षांच्या आतली सगळी पोरं, शाळेतली आणि अंगणवाडीतली, प्रार्थनेला रांगेत उभी केली. हजेरीपट हातात घेतला, नाव पुकारलं, "हजर" म्हणालं की लसीचं कार्ड पाहिलं. तान्ह्यांसाठी घरोघर हिंडलो. किती वर्षांनी हजेरी घेतली! दोनशे अकरा मुलं. त्यांत वयाप्रमाणे सुया पूर्ण झालेली दोनशे चार. दोन घरं नाही म्हणतात, बाकीची फार लहान.

पास की नापास, ते कळव.

तुझा अप्पा

*

पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय अप्पा,

तिळगूळ कुरियरनं पाठवलाय. आजीला आधी द्या, तुम्ही डबा लपवता.

पास! २११ पैकी २०४ म्हणजे शंभरात ९६.७. लस लागू न पडलेली वजा केली तर जवळपास ९४. उरलेल्या सहा-सव्वासहा टक्क्यांना पंधरानं गुणलं की एका रोग्याकडून सरासरी ०.९३. एकाच्या आत! काठावर, पण आत. मी पाडव्याची तिकिटं काढली.

कवितेत एक चूक आहे. "एकच उरला" तर दार बंद होत नाही, अप्पा. एकाचा एक, त्याचा एक, अशी रांग चालूच राहते. एकापेक्षा कमी उरायला हवा. एकापेक्षा कमी माणूस वृत्तात कसा बसवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

कावेरीला आता कोणाचाही चेहरा दिसला की ती हसते. आजीला सांगा.

तुमची प्रणू

*

बोरदरा
६ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणू,

इकडं थंडी सरत आली. हरभऱ्याचे घाटे भरलेत. आजीनं कावेरीसाठी झबलं शिवायला घेतलंय. सुई हातात, दोरा मी ओवून देतो, टाके ती बोटांनी चाचपून घालते. झबलं एका बाजूला जरा लांब झालंय.

माझ्या बालपणी माघात चांदणं पडलं की आम्ही मारुतीच्या पारावर भेंड्या लावायचो. हरणारा जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन वेशीपर्यंत न्यायचा. मी कधी कुणाला पाठीवर घेतल्याचं आठवत नाही. हे उगाच लिहिलं. म्हातारपणी मागचंच आठवतं.

कवितेची दुरुस्ती जमली नाही. बाकी ठीक.

तुझा अप्पा

*

पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

तुमच्या पत्रात घाटे आहेत, चांदणं आहे, भेंड्या आहेत. मोजणीचा एक शब्द नाही. तुम्ही इतका वेळ बाभळीकडं कधी बघता ते मला माहितीय.

मला वेगळीच शंका आलीय. माझी चूक मी आधी कबूल करते. मी तुमचा आकडा घेतला आणि गुणाकार केला. न भेटलेल्यांचं विचारलंच नाही. सरासरी म्हणजे न ढवळलेलं वरण असतं. मीठ मोजून घातलं तरी एका वाटीत सगळं आणि दुसरी अळणी. लस नसलेली मुलं गावभर विखुरलेली असली तर गोवराला ती सापडत नाहीत. पण ती एकाच गल्लीत, एकमेकांच्या अंगाखांद्यावर खेळणारी असली, तर गावाचा आकडा कितीही चांगला असो, त्या गल्लीत आग लागते.

असं काही आहे का? रागावणार नाही. पण कावेरीच्या बाबतीत मला खरं हवं.

प्रणू

*

बोरदरा
२४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हतो. कोल्हापूरकडं गेलतो, उसाच्या फडात. आता सगळं सांगतो.

मोजणीनंतर वीस दिवसांनी गावची आशा कार्यकर्ती वनमाला दारात आली. म्हणाली, "गुरुजी, मोजनी केली म्हनं. खालची वस्ती धरली का?"

मी मोजणीचा कागद काढून पाहिला.

खालच्या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, लेकरंबाळं घेऊन. पाडव्याच्या सुमाराला परततात. मी शाळेत होतो तेव्हाची माझी रीत होती. दिवाळीनंतर पंधरा दिवस त्यांची नावं पुकारायचो, कोणी "हजर" म्हणायचं नाही. मग तांबड्या शाईनं नावावर रेघ. पुढं पाच महिने ती नावं माझ्या तोंडात यायची नाहीत. पस्तीस वर्षांची सवय, पोरी. जानेवारीत मी मोजलं ते "हजर" म्हणणाऱ्यांना. आवाज न आलेलं मूल गावात आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

वनमालेच्या वहीत ती अडतीस मुलं आहेत. सुया पूर्ण फक्त नऊ जणांच्या. सुईचा दिवस गावात, आणि ती फडात. सहा तारखेला मला हे ठाऊक होतं. लिहायला बसलो, शेजारी आजी झबल्याला गोंडे लावत होती. हात चालला नाही. लपवलं. मोठी चूक केली.

पण नुसता बसलो नाही. टोळीचा मुकादम राधाकिशन माझा जुना विद्यार्थी. त्याला फोन केला, वनमालेकडून यादी घेतली, आणि एसटीनं निघालो. आजीला सांगितलं, साहित्य संमेलन आहे. ती म्हणाली, "स्वेटर घ्या."

फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची, रांग. राधाकिशननं पाया पडून खाट टाकली, पण ऐकेना. "गुरुजी, सुई टोचली की लेकरू फणफणतंय. आईनं कोयता खाली ठिवला तर जोडीदार यकटा काय तोडनार? तुमाला काय, तुमी कविता म्हनून जाल."

कोपीपुढं गीताबाई बसली होती, साडेसात महिन्यांचा नातू मांडीवर. तीही माझ्याच वर्गातली, तिसरीपर्यंत. मी वही काढली, नातवाचं नाव विचारलं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"आता कावून लिवता गुरुजी? आमी हुतो तवा कंदी धरलं न्हाई. दिवाळी झाली की तांबडी रेघ. मला वाटायचं, मी मेले का काय!"

आणि हसली. लई मोकळं हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "गीता, चुकलं माझं. म्हणून तर इतक्या लांब आलो."

तिनं पदर सावरला आणि राधाकिशनला हाक मारली. "ए मुकादमा, पल्याडच्या टोळीत त्या पोरीला गोवर निघालाय ते सांगितलंस का गुरुजीला? न्हाई ना? सुई दे म्हनावं समद्यास्नी. ताप आला तर माझ्या कोपीत आनून घाला, मी सांबाळते. अन् रडली तर गुरुजी हायतच कविता म्हनायला!"

सोमवारी तिथल्या आरोग्य केंद्राच्या नर्सबाई फडात आल्या. ताप आलाच तर आठवड्यानं येतो, तोही थोड्यांना, असं त्यांनी समजावलं. पंचवीस पोरांना सुई दिली. मी रांगेच्या तोंडाशी उभा राहून नाव पुकारत होतो. "हजर!" म्हणून पोरं ओरडायची आणि मग रडायची. चार जणं नऊ महिन्यांच्या आतली. त्यांना नाही, तुझ्या कावेरीसारखंच.

आता तू ठरव. मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही.

तुझा अप्पा

*

पुणे
२ मार्च २०२५

प्रिय अप्पा,

सत्याहत्तराव्या वर्षी फडात जाऊन हजेरी घेणाऱ्या माणसानं तोंड लपवू नये. संमेलन छान झालं म्हणायचं.

खरा आकडा असा. फडातल्या सुईआधी २४९ पैकी २१३ मुलं पूर्ण होती. एका रोग्याकडून सरासरी अडीच. आणि नुसती खालची वस्ती धरली तर एकाचे अकराच्या वर! म्हणजे वस्ती गवतासारखी पेटली असती, आणि शेजारच्या टोळीत ठिणगी होतीच. तुम्ही गेलात ते तिथल्या मुलांसाठी आधी, कावेरीसाठी नंतर.

दोन डोसांत चार आठवडे अंतर लागतं. तिकिटं मी अजून रद्द केली नाहीत. पाडव्याआधी पुन्हा मोजा. आजीला खरं सांगायचं का, ते तुमच्यावर.

तुमची प्रणू

*

बोरदरा
२२ मार्च २०२५

चि. प्रणू,

यंदा कारखाना लवकर बंद झाला. टोळी चौदा तारखेला परतली. परवा शाळेच्या ओट्यावर वनमालेनं दुसऱ्या डोसाचा दिवस लावून घेतला. पंचवीसपैकी बावीस आली. तिघं वाटेतच मामाच्या गावी उतरलीत.

मी गणित केलं. हो, मीच. २४९ पैकी २३५. शंभरात ९४.४. लस लागू न पडलेली वजा केली, उरलं ते पंधरानं गुणलं. उत्तर सव्वा आलं. पेन्सिलीला टोक करून पुन्हा केलं. सव्वाच.

खरं सांगू? जुन्या दोनशे अकराचा कागद खिशातच होता. पाडवा आठ दिवसांवर. आजीची पुंगळी आता नाण्याएवढी राहिलीय. खालची वस्ती आणखी एकदा विसरायचं, एवढंच काम होतं. पस्तीस वर्षं जमलं होतं.

नाही जमलं. तू येऊ नकोस. पाडव्याला कावेरीला आणू नकोस.

हे लिहून आजीजवळ गेलो. तिला सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "येत नाहीत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. पत्रं वाचताना भलतीकडंच थांबता. आयुष्यभर तुमच्या कविता ऐकल्यात मी, कुठं थांबायचं असतं ते मला कळतं. आणि फेब्रुवारीत पायाला उसाचं पाचट लावून कोणत्या संमेलनातून आलात?"

मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "त्या चार तान्ह्यांच्या आयाही घाबरल्या असतील ना हो?"

मग ती भिंतीकडं तोंड करून निजली. रडली का ते मला कळलं नाही. दिवा लावू का विचारलं, नको म्हणाली.

तुझा अप्पा

*

पुणे
२८ मार्च २०२५

प्रिय अप्पा,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. इतकी वर्षं आकड्यांत काम करतेय, पण एवढा महाग सव्वा मी पाहिला नव्हता.

ऐका. दहा एप्रिलला कावेरीची सुई. लस अंगात मुरायला दोन आठवडे. तीस एप्रिलला बसवजयंती आहे. त्या दिवशी येतो. तोवर मामाच्या गावची ती तिघं गाठा, आणि चौघा तान्ह्यांपैकी ज्यांचे नऊ महिने भरतील त्यांना सुई द्यायला लावा. आता कावेरी नुसती जपून घ्यायला येणार नाही. ती धरून गावात २५० होतील, आणि तिच्यामागं दडायला तिच्याहून लहान कोणीतरी असेलच.

आजीचा डोळा महिनाभर धीर धरेल ना? तिला विचारायची माझी हिंमत नाही.

तुमची प्रणू

*

बोरदरा
४ मे २०२५

चि. प्रणू,

तुम्ही सुखरूप पोचलात, तुझ्या नवऱ्याचा निरोप मिळाला. घर एकदम रिकामं झालंय. पाळण्याची दोरी मी अजून सोडली नाही.

तू न पाहिलेली एक गोष्ट सांगायची राहिली. तू आत स्वामींच्या पूजेचं ताट लावत होतीस तेव्हाची.

कावेरी पाळण्यात झोपली होती. आजी भिंतीला टेकून, पाय पसरून, सकाळपासून हात पुढं करून बसलेली. महिन्याभरात तिची नजर आणखी आत गेली होती. तुला ती "दिसतंय, दिसतंय" म्हणाली ते खोटं होतं. एका वेळी चेहऱ्याच्या एका तुकड्याएवढं दिसायचं, तेही उजेडात, अगदी जवळ धरलं तर.

इतक्यात गीताबाई नातवाला घेऊन आली. आजीनं चाहूल घेतली, म्हणाली, "आणलीस का गं? दे इकडं." गीताबाईला वाटलं, लेकराला आशीर्वाद द्यायचाय. तिनं त्याला मांडीवर ठेवलं.

आजीनं त्याला उजेडाकडं वळवलं. नाकाला नाक लागेल इतकं जवळ घेतलं. कपाळ पाहिलं, मग डोळे, मग हनुवटी, तुकड्या-तुकड्यानं. आणि म्हणाली, "अगं बाई! नाक तर थेट माझ्या आईचं!"

ओसरीवर बारा-पंधरा माणसं होती. मी हजेरीत खरं बोलायला या वर्षी शिकलो, पण तिथं माझी जीभ उचलेना. महिनाभर जपलेली नजर तिनं भलत्याच चेहऱ्यावर खर्चली होती.

शेवटी गीताबाईच म्हणाली, "आजी, ह्यो माझा नातू हाय. तुमची छोकरी पाळन्यात निजलीय की."

आजी थबकली. मग इतकी हसली की पोरगंही हसायला लागलं. त्याला सोडलं मात्र नाही. "असू दे गं. ह्याचंही नाक चांगलंय. तिलाही आण. दोघं मावतात." मी कावेरीला उचलून दिलं. प्रणू, तिनं तुझ्या लेकीला पाहिलं. नीट पाहिलं. कितीतरी वेळ. तिची भुवई बोटानं एकदा सरळ केली. तुला हे कळायला हवं म्हणून हे पत्र.

मग मान वर करून मला विचारलं, "चार तान्ही म्हणाला होतात ना तुम्ही? बाकीची कुठंयत?"

वनमाला वस्तीकडं धावली. एकेक लेकरू आलं. तिनं एकेकाला उजेडात धरलं, कपाळ, डोळे, हनुवटी. तू ताट घेऊन बाहेर आलीस तेव्हा स्वामी घड्याळ बघत होते आणि तू मला डोळ्यांनी विचारलंस, काय चाललंय? तेव्हा सांगता आलं नाही.

त्या चौघांतल्या तिघांना सुई झालेली होती. चौथा सात महिन्यांचा, त्याला अजून नाही. त्याची आई उंबऱ्याबाहेर उभी होती, आत येऊ की नको अशी. स्वामी म्हणाले, "मुहूर्त टळतोय, सुरू करू या का?"

आजीनं हात तसेच पुढं ठेवले आणि म्हणाली, "थांबा जरा. अजून एक राहिलाय."

तुझा अप्पा